भट्टीपुढून उठलेला माणूस

लखनौच्या चौकातल्या सराफ्यात हणमंताला हणमंत म्हणणारी माणसं थोडीच. बाकी सारे त्याला ‘मराठे’ म्हणतात. ‘मराठे, ये कंगन गला दो.’ ‘मराठे, आज आग कुछ सुस्त है.’ जिथं सोनं-चांदी वितळते तिथं आमच्या खानापूर-आटपाडीकडचा एखादा माणूस बसलेला असतो, आणि त्या शहरानं त्याचं नाव पुसून त्याला मराठे केलेलं असतं. त्याचा राग कुणी धरत नाही. आमचा मुलूख माळाचा, कुसळांचा. त्या माळानं माणसं देशभर उधळली, आणि उधळलेल्या माणसांनी जाईल तिथं विस्तव मांडला. गलाई म्हणतात या धंद्याला. मोडीतले दागिने, सोनाराच्या दुकानातली झाडलोट, जे येईल ते मुशीत घालायचं, वितळवायचं आणि त्यातून निव्वळ धातू वेगळा काढायचा. परक्या शहरातले पिढीजात सराफ आमच्या माणसाच्या हातात सोनं ठेवतात, आणि ठेवताना त्यांचा हात अडखळत नाही. हे आम्ही मिळवलेलं आहे. कुणी दिलेलं नाही.

ते मिळवलं एका रिवाजावर. मुशीत गिऱ्हाइकाचं सोनं पडलं की गलाईवाला भट्टीपुढून उठत नाही. गिऱ्हाईक एका बाजूला, तो एका बाजूला, मधे विस्तव. रस ओतून, गार करून लगड गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत कुणी हलायचं नाही. हणमंताचा बाप गावी वारला, तेव्हा फोन आला तो ह्याच्या मुशीत कुणाची तरी पाटली तांबडी होत असताना. त्यानं ऐकलं, ‘बरं’ म्हणाला, फोन खाली ठेवला. पाटली ओतली, लगड दिली, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडला. ही गोष्ट आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत कौतुकानं सांगतात. त्या ‘बरं’चं पुढं काय झालं, ते कुणी सांगत नाही.

भट्टी खाली, बिऱ्हाड वर, मधे उभा जिना. हणमंत, त्याची बायको यमुना आणि कॉलेजात शिकणारी मुलगी उत्कर्षा असं तिघांचं घर. गावी ह्यांचा बंगला आहे, चकचकीत रेलिंगचा, वर मोर बसवलेला. त्यात कुणी राहत नाही. जत्रेला गेलं की कुलूप काढायचं, जाळी झाडायची, आल्यागेल्याला चहा पाजून लखनौच्या गोष्टी सांगायच्या आणि पुन्हा कुलूप लावून यायचं. इकडून फोन केला तर आवाज चढा लावायचा, हाही आमच्या लोकांचा रिवाजच. ‘मजेत! एकदम मजेत हाय!’ असं हणमंत ओरडायचा आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडं बघत उभा राहायचा.

काही तरी बिघडलंय हे यमुनेला पहिल्यांदा कळलं ते त्याच्या पायांवरून. एरवी हा माणूस बसला की बसला. बसणं हाच त्याचा धंदा. तो घरात फिरायला लागला. खिडकी, दार, पुन्हा खिडकी. ताटावरून उठायचा, जिना उतरायचा, चढायचा.

“कुटं जायचंय का तुम्हास्नी?”

“कुटं न्हाय.”

“मग बसा की घटकाभर.”

“बसवत न्हाय गं. आतनं कोण तरी ढोसतंय.”

“कोण?”

“त्येच कळंना.”

सोन्याचा कस सांगणारी यंत्रं बाजारात आली, धंदा उतरला, त्यानं असं झालं असेल, असं कुणी म्हणेल. धंदा तर साऱ्या गलाईवाल्यांचा उतरला होता, आणि बाकीचे घोरत होते. यमुनेनं लिंबू उतरवून टाकलं, बदाम भिजत घातले, एकदा जबरदस्तीनं त्याला अमीनाबादच्या बाजारात नेलं की जरा गर्दीत मन रमेल. तिथं ती परकर निवडेपर्यंत तो दुकानाच्या पायरीवरून चार वेळा उतरला आणि चढला. दुकानदार हसून म्हणाला, “भाईसाहब, ट्रेन छूट रही है क्या?”

लगनसराईच्या तोंडावर, एका दुपारी रस्तोगीजी आले. चौकातले जुने सराफ, हणमंताचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. पांढरा कुर्ता, तोंडात पान, बोलणं असं की शिवीसुद्धा ‘आप’ लावून देतील. कुणा म्हातारीचे कंगन मोडीत आले होते. हणमंतानं ते मुशीत घातले. रस्तोगीजी समोर मांडी घालून बसले. कंगन तापले, मऊ झाले, त्यांच्यावरची फुलं गेली, कडा गेल्या, आणि मुशीच्या तळाशी कुणी डोळा उघडावा तसं सोनं चमकलं.

हणमंतानं चिमटा खाली ठेवला. उठला. चपला पायात सरकवल्या आणि गल्लीत चालू लागला.

“अरे मराठे! कहाँ चले? अमां, सोना आग पर है!”

त्यानं मागं पाहिलं नाही. रस्तोगीजी जागचे हलले नाहीत, ते सोनं सोडून हलणार कसे? ते बसल्या जागेवरून ओरडत राहिले, आणि शेजारच्या भट्टीवरचा दीनानाथ, तोही आमच्याकडचाच, धावत आला. त्यानं रस ओतला. वजन बरोबर भरलं. पण सराफा वजनाचं बोललाच नाही. मराठे भट्टीपुढून उठला, एवढंच इकडून तिकडं गेलं. दिवस कलला तेव्हा हणमंत गोमतीच्या घाटावर सापडला, येरझाऱ्या घालताना. शर्ट घामानं चिकटलेला.

लखनौतल्या आमच्या सगळ्या गलाईवाल्यांचे वडीलधारे म्हणजे जयसिंगनाना. हणमंताचे चुलत चुलते. त्यांनीच त्याला पोरवयात इकडं आणून विस्तवापुढं बसवलेलं. ते आले, दीनानाथ आला. हणमंत आतल्या खोलीत फिरत होता, त्याची पावलं बाहेर ऐकू येत होती.

“रस्तोगीला काय सांगायचं?” नाना म्हणाले.

“जुलाब लागलं म्हणू,” दीनानाथ म्हणाला.

“जुलाबाला माणूस मोरीत जातंय. गोमतीवर जातंय व्हय रं?”

दीनानाथ खाली मान घालून हसला. नाना हसले नाहीत. सुपारी कातरत कातरत ते म्हणाले, “प्याला हुता म्हणा.”

चहा घेऊन आलेली यमुना दारातच थांबली. “नाना, ह्यांनी जन्मात थेंब घेतला न्हाय.”

“ठाव हाय, सूनबाई. म्हणूनच चालंल. पैल्यांदाच प्याला, झेपली न्हाय. दारूला बाजार हसतो, दोन दिस बोलतो आन् माफ करतो. पण डोस्क्याचं नाव निघालं, तर ह्याच्याच न्हाय, आपल्या समद्यांच्या हातात कोण सोनं ठेवंल का? मराठ्यांची डोकी फिरत्यात म्हणतील. बोल.”

यमुनेनं चहा दोघांपुढं ठेवला. नानांचं म्हणणं खोटं नव्हतं.

आणि ती थाप चालली. इतकी चालली की बघायला नको. रस्तोगीजी दुसऱ्याच दिवशी येऊन गेले. “वाह मराठे, अकेले-अकेले? हमसे परदा?” गल्ली हसली. पानवाला हसला. हणमंतही हसला, कित्येक महिन्यांनी. यमुनेनं जिन्यातून ते हसणं ऐकलं आणि तिला वाटलं, सुटलो.

सुटला होता तो, पण वेगळ्या अर्थानं. दारुड्याला कुणी विचारत नाही, की बाबा, का उठलास, कुठं निघालास. हणमंताला हे उमगलं. आता तो केव्हाही उठायचा, निघायचा, परत यायचा तो पाय तिरके टाकत, भिंतीला धरत. गल्लीत शिट्या वाजायच्या. दीनानाथ लिंबू आणून द्यायचा आणि हणमंताच्या वाट्याचं काम स्वतःच्या भट्टीवर ओढून न्यायचा. यमुना त्याला धरून जिना चढवायची. त्याच्या तोंडाला वास यायचा तो उपाशी पोटाचा.

तिनं एकदा त्याला विचारलं, “हे सोंग कशापायी?”

“बरं पडतंय,” तो म्हणाला.

उत्कर्षानं मात्र बापाशी बोलणं सोडलं. जन्मल्यापासून लखनौची ती. मराठी सगळी कळते, उत्तर हिंदीत. “सबके पापा पीते हैं मम्मी, पर सड़क पर तमाशा कोई नहीं करता,” असं म्हणून ती दार लोटून अभ्यासाला बसायची. यमुनेच्या ओठांवर यायचं की सांगावं. पण नानांना शब्द दिल्यासारखं झालं होतं. आणि पोरीला तरी काय सांगायचं? बापाच्या दारूपेक्षा बापाचं हे दुसरं, नाव नसलेलं, सांगायला जास्त लाज वाटणारं. महिनाभर यमुनेनं ते पोटातच ठेवलं.

मग एका दुपारी उत्कर्षा कॉलेजातून मैत्रिणींबरोबर ई-रिक्षातून येत होती. गोमतीवरच्या जुन्या लाल पुलावर रिक्षा गर्दीत अडकली आणि तिला बाप दिसला. कठड्याला लागून तो चालत होता. सरळ, ताठ, भराभर. पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, वळून पुन्हा. मधे एका जागी थांबायचा, दोन्ही हात कठड्यावर ठेवायचा, खाली पाण्याकडं पाहायचा, आणि पुन्हा चालायचा. तेवढ्यात सराफ्यातला कुणी स्कूटरवरून आला. त्याला बघताच हणमंताचे खांदे पडले, पाय वाकडे झाले, मान झुलायला लागली. “का हो मराठे, दिन में ही?” स्कूटरवाला हसला आणि गेला. तो दिसेनासा झाल्यावर हणमंत पुन्हा ताठ झाला, आणि पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहिला.

उत्कर्षानं रिक्षातून उडी टाकली. बापाला हाताला धरून, वाटेत एक शब्द न बोलता घरी आणलं. घरात आल्यावर आईला म्हणाली, “मम्मी, पापा पीते नहीं. ॲक्टिंग करते हैं. और पता है, वहाँ खड़े होकर नीचे देखते हैं.” आणि तिथंच, स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून, हमसाहमशी रडायला लागली.

यमुना त्या दिवशी पहिल्यांदा घाबरली. आजवर ती काळजी करत होती. आता तिला पूल दिसला. दारुडा कठड्यापाशी उभा राहिला तर लोक हसून पुढं जातात. शहाण्या माणसाला कुणी तरी हटकलं असतं, ‘भैया, क्या बात है’ म्हटलं असतं. नानांनी नाव वाचवायला तिच्या नवऱ्याभोवती असं काही गुंडाळलं होतं की आत माणूस बुडत असला तरी बाहेरून मौजच दिसावी.

ती नानांकडं गेली. नानांनी सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं.

“गावाकडं ने त्याला,” मग म्हणाले. “हवापालट हुईल. कावीळ झालीया म्हणून सांगू.”

यमुनेच्या डोळ्यांपुढं बंगला आला. मोरवाला. आठ खोल्या, त्यात हा एकटा फिरणार, आणि ओसरीवर बसलेली माणसं विचारणार, ‘काय शेट, लखनौ काय म्हणतंय?’ आणि हा ओरडणार, ‘मजेत!’

“न्हाय नाना. हितं दवाखाना हाय. उत्कर्षानं चौकशी केलीया. मनाच्या आजाराचा डाक्टर असतोय.”

“त्या दारापुढच्या बाकड्यावर मराठा बसल्याला दिसला, तर दिवस मावळायच्या आत सराफ्यात कळंल.”

“कळू दे की.”

“आन् धंदा?”

“नाना, धंदा कोण करणार? त्यो माणूसच न्हाय राहिला तर?”

नानांनी अडकित्ता खाली ठेवला. “तू एकली हाईस, सूनबाई. पर बोभाटा केलास म्हणजे आमी समदे त्यात येतोय. माझ्या मागं चाळीस भट्ट्या हाईत.”

“माझ्या मागं एकच हाय,” यमुना म्हणाली आणि उठली.

रस्तोगीजींच्या पेढीत ती कधी चढली नव्हती. आमच्या बायका सराफांच्या पेढीवर जात नाहीत. ती गेली तेव्हा आत गिऱ्हाइकं होती, दोन दलाल होते, गादीवर रस्तोगीजी होते. उत्कर्षा पायरीवरच थांबली. यमुनेची हिंदी भाजीबाजारातली. तिनं पदर नीट केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“भैयाजी, एक बात बोलने को आई. हमारे ये दारू नहीं पीते. कभी नहीं पिया. वो झूठ था. इनका मन बीमार है. इनसे बैठा नहीं जाता. पुल पे जाते हैं.” तिनं पायरीवरच्या पोरीकडं एकदा पाहिलं. “पुल पे दिखे तो हँसना मत किसी ने. हाथ पकड़ना और बैठा लेना. फोन करना हमको. बस.”

पेढीत कुणी हललं नाही. एका दलालानं खाकरल्यासारखं केलं. रस्तोगीजींनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

“बहनजी, चाय मँगवाएँ आपके लिए?”

“नाही,” ती मराठीतच म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्तोगीजींचा माणूस आला आणि वितळवायला दिलेली चांदी परत घेऊन गेला. फार अदबीनं. “लाला ने कहलवाया है, लगन का काम है, जल्दी का है, आप लोग आराम कीजिए.” मग दुसऱ्या पेढीचा माणूस आला, मग तिसऱ्या. दुपारपर्यंत घरात परक्याचं गुंजभर सोनं उरलं नाही. दीनानाथ समोरून गेला तो मान वळवून. नाना आले नाहीत.

हणमंत रिकाम्या भट्टीपुढं उभा होता. “बेवडा म्हणत हुते, त्ये बरं हुतं,” तो म्हणाला. “आता येडा म्हणत्याल. काय मिळवलंस, यमुने?”

तिनं ताट वाढून आणलं. “चार घास खा,” ती म्हणाली. त्यानं ताट सरकवलं, चपला घातल्या आणि निघाला. ती मागं धावली, पण चौकाच्या गर्दीत तो दिसेना. उत्कर्षा दुसऱ्या गल्लीनं पळाली. दोघी पुलावर पोचल्या, तर कठडा मोकळा. खाली पाणी नेहमीसारखं, हिरवट, संथ. यमुना त्या पाण्याकडं पाहत राहिली. पोरगी या टोकाहून त्या टोकाला नावानं हाका मारत सुटली. लोक बघत होते.

तेव्हा उत्कर्षाचा फोन वाजला.

“बिटिया? हम रस्तोगी बोल रहे हैं. आपके पापा हमारे यहाँ बैठे हैं. घबराइए नहीं, आराम से आइए.”

पेढीवर हणमंत गादीच्या कडेला बसला होता. पुलाच्या वाटेवर रस्तोगीजींच्याच एका दलालानं त्याला पाहिलं होतं, काल पेढीत खाकरलेल्या त्यानं. तो हसला नाही, त्यानं हाताला धरून आणलं. आता रस्तोगीजींनी डाव्या हातानं हणमंताचं मनगट धरलं होतं आणि उजव्या हातानं ते गिऱ्हाइकाला झुमके दाखवत होते. हणमंत मधेच उठू पाहायचा. रस्तोगीजी त्याच्याकडं न बघता म्हणायचे, “बैठिए,” आणि गिऱ्हाइकाला, “हाँ, तो इसमें मीना भी आ जाएगा.” किती वेळ हे चाललं होतं कोण जाणे. मनगटावर बोटांचे वळ उठले होते.

यमुनेनं हात जोडले. रस्तोगीजी तिच्याकडं पाहीनात.

“चाँदी हमने वापस मँगवाई,” ते जमिनीकडं बघत म्हणाले. “वो हम अभी नहीं भेज पाएँगे, बहनजी. हमारे ऊपर भी दूसरों का माल है. पर ये... ये अलग बात है.”

हणमंतानं मनगट सोडवून घेतलं, पण उठला नाही. “उद्या जाऊ,” तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. यमुनेला कळलं.

दवाखान्यात बाकड्यावर तिघं बसले. बसले म्हणजे दोघी बसल्या. हणमंत उठत होता, फाटकापर्यंत जात होता, येत होता. दर वेळी तो वळेपर्यंत यमुनेची नजर त्याच्या पाठीवरून हलायची नाही. त्या फाटकातून आमच्याकडचं कुणी गेलं असेल, कुणी पाहिलं असेल. तिनं पदर तोंडावर घेतला नाही.

आत डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहानशा. “कब से है ये?” त्यांनी विचारलं.

हणमंतानं उभं आयुष्य हिंदीतून सोन्याचे भाव केले, थट्टा केली, भांडणं मिटवली. पण तिथं त्याच्या तोंडातून मराठीच येत होती, माळावरची, बापाच्या घरातली. तो उत्कर्षाकडं बघून बोलायला लागला, आणि ती पोरगी, बापाशी महिनाभर न बोललेली, एकेक वाक्य घेऊन पुढं देत गेली.

“पापा कह रहे हैं, अंदर से कोई धक्का देता है. बैठने नहीं देता... कह रहे हैं, दादाजी गए तब से है शायद. या उससे पहले से. उनको ठीक से नहीं मालूम... कहते हैं, गाँव में मैं मेहमान हूँ, यहाँ भी मेहमान हूँ.”

“पुल पर क्यों जाते हैं?”

हणमंत उठला, दारापर्यंत गेला, परत आला, बसला.

“सांग तिला,” तो उत्कर्षाला म्हणाला.

“आप बोलो पापा.”

“तू सांग. तू बघितलंयस.”

उत्कर्षानं आईचा हात घट्ट धरला. “वहाँ जाकर लगता है,” ती म्हणाली, “कि बस, अब ये चलना बंद हो जाए. हमेशा के लिए.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि सरळ हणमंताकडं पाहिलं. “आज भी लगा?”

“सुबह लगा था,” हणमंत स्वतःच म्हणाला, हिंदीत. मग थोडं थांबून, जणू आत जाऊन बघून यावं तसं, “अभी नहीं लग रहा.”

बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.